स्वतःचा ट्रक, स्वतःच ड्रायव्हर: पेण-रोह्यातील गाडीमालकाने पैशाचे नियोजन कसे करावे?

पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आहे. रोहा तालुक्यात धाटावची औद्योगिक वसाहत आणि नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आहे. वर उरणला न्हावा-शेवा बंदर, पनवेलजवळ कळंबोलीचा लोखंड बाजार, आणि या सगळ्यांमधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग. त्यामुळे या दोन तालुक्यांत ‘एमएच-०६’ पासिंगच्या मालगाड्यांवर चालणारी घरे बरीच आहेत. यातल्या काही गाड्या मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या असतात. पण अनेक गाड्यांचा मालक आणि ड्रायव्हर एकच माणूस असतो.

अशा माणसाला पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. गाडी चालली तर पैसा, थांबली तर खर्च. आणि गाडी कधी ना कधी थांबतेच: पावसात, गणपतीच्या बंदीत, इंजिन कामाला आल्यावर किंवा ड्रायव्हर स्वतः आजारी पडल्यावर. म्हणून या व्यवसायातल्या आर्थिक नियोजनाचा पाया एकच आहे: गाडी बंद असलेल्या महिन्याचा खर्च गाडी चालू असलेल्या महिन्यांतूनच बाजूला काढायचा. तो कसा काढायचा, ते या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू.

हातात दिसणारा पैसा आणि खरा पैसा

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. त्यांच्या जागी तुम्ही तुमच्या गाडीचे आकडे टाका.

दहा चाकी ट्रक, आरसीवर मालासह एकूण वजन २८ टन. जुनी गाडी, कर्जावर घेतलेली. मालक स्वतः चालवतो, सोबत एक क्लीनर. महिन्याला ५,००० किलोमीटर धाव. रिकाम्या फेऱ्या धरून सरासरी भाडे किलोमीटरला ४८ रुपये, म्हणजे महिन्याची जमा २,४०,००० रुपये.

रोजचा खर्च असा:

- डिझेल (लिटरला ४ किमी, ९० रुपये दर): १,१२,५००
- टोल: २०,०००
- हमाली, दलाली, पार्किंग: १२,०००
- क्लीनरचा पगार १२,००० आणि रस्त्यावरचे जेवणखाण ९,०००: एकूण २१,०००
- डीईएफ (युरिया) आणि किरकोळ: ४,०००

एकूण १,६९,५०० रुपये. उरले ७०,५००. त्यातून कर्जाचा हप्ता २८,००० गेला. हातात ४२,५०० रुपये दिसतात, आणि बहुतेक घरांत हाच आकडा ‘कमाई’ म्हणून धरला जातो.

पण काही खर्च रोज येत नाहीत, वर्षातून एकदा येतात आणि एकदम येतात:

- विमा (थर्ड पार्टी आणि गाडीचे स्वतःचे नुकसान मिळून): ७५,०००
- टायर: १,२०,०००
- सर्व्हिसिंग, ऑइल, क्लच, पाटे, ब्रेक: ७२,०००
- परमिट, कर, पासिंग, पीयूसी: ४५,०००

वर्षाचे झाले ३,१२,००० रुपये, म्हणजे महिन्याला २६,०००. ते वजा केले की घरासाठी खरे उरतात १६,५०० रुपये.

४२,५०० आणि १६,५०० यांमधला फरक हेच गाडीमालकाच्या अडचणीचे मूळ असते. घरखर्च ४२,५०० धरून बसवला की विम्याच्या महिन्यात उसनवारी, टायरच्या महिन्यात सोने गहाण आणि पासिंगच्या महिन्यात हप्ता चुकणे हे ओघानेच येते. धंदा बुडतोय असे वाटते. प्रत्यक्षात गाडीचा पैसा आधीच घरात खर्च झालेला असतो.

तीन आकडे, जे प्रत्येक गाडीमालकाला तोंडपाठ हवेत

पहिला आकडा: किलोमीटरमागे बाजूला काढायची रक्कम. वरचे २६,००० रुपये ५,००० किलोमीटरने भागले तर ५ रुपये २० पैसे येतात. म्हणजे ४०० किलोमीटरची फेरी झाली की २,०८० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. भाडे मिळाले त्याच दिवशी, महिन्याअखेर नाही.

दुसरा आकडा: किलोमीटरचा एकूण खर्च. हप्ता आणि वार्षिक खर्च धरून वरच्या गाडीचा महिन्याचा खर्च २,२३,५०० रुपये होतो, म्हणजे किलोमीटरला ४४ रुपये ७० पैसे. त्यात मालकाने स्वतःची मजुरी २५,००० धरली तर हा आकडा ४९ रुपये ७० पैसे होतो. सरासरी भाडे मात्र ४८ रुपये मिळते. याचा अर्थ, हा मालक स्वतःच्या गाडीवर पगारी ड्रायव्हरपेक्षा कमी पैशात काम करतो आहे. हप्त्यातून गाडी हळूहळू त्याच्या मालकीची होते, हे खरे. पण तीही दर वर्षी जुनी होत असते.

तिसरा आकडा: एक दिवस थांबण्याची किंमत. गाडी उभी असली तरी हप्ता (२८,०००), विमा-परमिट-कराचा मासिक वाटा (१०,०००), क्लीनरचा पगार (१२,०००) आणि घरखर्च (२५,०००) चुकत नाही. एकूण ७५,०००, म्हणजे दिवसाला २,५०० रुपये.

परतीच्या भाड्याचा निर्णय या तिसऱ्या आकड्यावर घ्यायचा असतो. गाडीला परत यायचेच आहे, तर कमी दराचे भाडेही परवडते. त्यात फक्त मालाच्या वजनामुळे लागणारे जास्तीचे डिझेल आणि हमाली वजा करायची. पण चांगल्या भाड्याच्या आशेने तीन दिवस उभे राहिलात, तर ७,५०० रुपये आधीच गेले. नवे भाडे त्याहून जास्त फरकाचे असेल तरच थांबण्यात अर्थ आहे.

गाडीचे खाते वेगळे, घराचे वेगळे

दोन बचत खाती उघडली तरी चालतील, पण दोन हवीत. भाड्याची सगळी रक्कम गाडीच्या खात्यात यावी. डिझेल, टोल, हप्ता, विमा त्यातूनच जावा. घरासाठी त्या खात्यातून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पाठवायची, म्हणजे स्वतःला पगारच द्यायचा. चांगल्या महिन्यात तो वाढवायचा नाही. उरलेली रक्कम पुढच्या वाईट महिन्याची असते.

घराचे खाते पत्नी किंवा घरातली दुसरी जबाबदार व्यक्ती सांभाळत असेल तर आणखी बरे. रस्त्यावर असताना ‘आता काढतो, नंतर टाकतो’ हा मोह त्याने टळतो.

रोख व्यवहार कमी ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. बँकेतली नोंद हाच तुमच्या उत्पन्नाचा पुरावा असतो. कर्जाच्या वेळी आणि अपघाताच्या दाव्याच्या वेळी तो लागतो.

थांबलेला महिना: पाऊस, गणपती आणि बंदी

या भागातल्या धंद्याला स्वतःचा हंगाम आहे. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात, बांधकाम मंदावते, डंपरना काम कमी मिळते. महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. पावसात त्या रस्त्याने टायर आणि पाट्यांचा खर्च किती वाढवला, हे इथल्या गाडीमालकांना सांगायला नको. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या प्रवाशांच्या गर्दीमुळे या महामार्गावर अवजड मालगाड्यांना दरवर्षी काही दिवस बंदी घातली जाते. जीवनावश्यक मालाला सवलत असते, बाकीच्यांना थांबावे लागते.

हे सगळे आधीच माहीत असते. त्यामुळे तो ‘अचानक आलेला खर्च’ नाही. वरच्या हिशेबाने १५ दिवसांच्या थांब्याची किंमत ३७,५०० रुपये. गणपतीनंतर पुढच्या दहा महिन्यांत दर महिन्याला ३,७५० रुपये बाजूला काढले तर पुढच्या गणपतीचा खड्डा भरलेला असतो. हे पहिले लक्ष्य. दुसरे लक्ष्य दोन महिन्यांचा थांबा, म्हणजे १,५०,००० रुपये. इंजिनचे मोठे काम किंवा ड्रायव्हरचे हाड मोडणे यासाठी एवढी रक्कम लागतेच.

याच काळात आवर्ती ठेवी, इंजिनची कामे आणि पासिंगच्या तारखाही जुळवता येतात. नवीन गाडीला सुरुवातीला दोन वर्षांचे फिटनेस मिळते, आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. पासिंगची तारीख मंदीच्या आठवड्यांच्या आसपास आणता आली तर कमाईचे दिवस वाया जात नाहीत.

गोव्याच्या फेऱ्या करणाऱ्यांसाठी आणखी एक पर्याय घराजवळच आहे. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, आणि रोहा तालुक्यातल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक रेल्वेच्या डब्यावर चढवून नेण्याची ‘रो-रो’ सेवा २६ जानेवारी १९९९ पासून आहे. ती परवडते का, हे कसे ठरवायचे? गाडी चालली तरच होणारा खर्च मोजा: डिझेल २२.५०, टोल ४, टायर २, दुरुस्ती १.२०, डीईएफ ०.८०, मिळून किलोमीटरला ३० रुपये ५० पैसे. ४०० किलोमीटर वाचले तर १२,२०० रुपये वाचतात. रेल्वेचे भाडे आणि वाट पाहण्याचे तास याच्याशी ताडून पाहा.

कर्ज: ‘नऊ टक्के’ म्हणजे खरे किती?

जुन्या ट्रकसाठी बहुतेक जण बँकेऐवजी फायनान्स कंपनीकडे जातात, कारण तिथे कागदपत्रे कमी लागतात. तिथे सांगितला जाणारा दर अनेकदा ‘फ्लॅट’ असतो. हा शब्द नीट समजून घ्या.

१० लाखांचे कर्ज, ४ वर्षे, ९ टक्के फ्लॅट. व्याज दरवर्षी ९०,००० धरून चार वर्षांचे ३,६०,०००. एकूण १३,६०,००० भागिले ४८ हप्ते, म्हणजे महिन्याला २८,३३३ रुपये. वरच्या उदाहरणातला हप्ता असाच येतो. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १० लाखांवर लागते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर सुमारे १६ टक्के होतो. त्यामुळे एकीकडे ‘९ टक्के फ्लॅट’ आणि दुसरीकडे बँकेचे ‘१३ टक्के घटत्या शिलकीवर’ असा पर्याय असेल, तर बँकेचे कर्ज स्वस्त आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ व लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य माहितीचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून येणारा वार्षिक खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते पत्रक मागा आणि दोन ठिकाणचे पत्रक शेजारी ठेवून तुलना करा.

आणखी काही गोष्टी:

- मुद्रा योजनेत मालवाहतुकीच्या गाडीसाठी कर्ज मिळते. मर्यादा १० लाख. आधीचे ‘तरुण’ गटातले कर्ज व्यवस्थित फेडणाऱ्यांना २० लाखांपर्यंत.
- हप्ता चुकणार असे दिसले तर चुकण्याआधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. गाडी ओढून नेण्यासाठी दांडगाई करणे बेकायदा आहे. कंपनीने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.
- शेवटचा हप्ता फेडला म्हणजे काम संपले नाही. फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन पेणच्या परिवहन कार्यालयात आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. तो राहिला तर गाडी विकताना अडते.
- गाडी विकली की फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री करा. नाव तुमचेच राहिले तर नव्या मालकाच्या अपघाताची आणि चलनांची नोटीस तुमच्या घरी येते.

दुसरी गाडी घ्यावी का?

एक गाडी नीट चालली की दुसरी घेण्याचा विचार येतो. वरचाच हिशेब पुन्हा पाहा. १६,५०० रुपये उरले, पण त्यात ड्रायव्हरचा पगार धरलेला नव्हता, कारण गाडी मालक चालवत होता. दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर ठेवावा लागेल. त्याचे २५,००० गेले की ही गाडी महिन्याला ८,५०० रुपये तोट्यात जाते, आणि तो तोटा पहिल्या गाडीच्या कमाईतून भरावा लागतो.

म्हणून नियम साधा ठेवा. ड्रायव्हरचा पगार धरूनही पहिल्या गाडीत पैसा उरत असेल, दोन महिन्यांची शिल्लक जमा असेल आणि कायमचे काम देणारा माणूस किंवा कारखाना हाताशी असेल, तरच दुसऱ्या गाडीचा विचार करावा.

विमा: गाडीचा आहे, पण तुमचा आहे का?

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार २० ते ४० टनांच्या मालगाडीला त्याचा वार्षिक हप्ता ४३,९५० रुपये (कर वेगळा) आहे. एवढे पैसे भरल्यावर अनेकांना वाटते की आपलाही विमा झाला. तसे नाही. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस: रस्त्यावरचा, समोरच्या गाडीतला. स्वतःच्या चुकीने अपघात होऊन गाडीमालक दगावला, तर या भागातून त्याच्या घरी काही येत नाही.

त्यासाठी असते ते मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण, १५ लाख रुपयांचे. पॉलिसीच्या कागदावर ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ ही ओळ आणि तिच्यासमोर भरलेली रक्कम आहे का, ते आजच तपासा. नॉमिनीचे नाव बरोबर आहे का, तेही पाहा. क्लीनरसाठी वेगळा हप्ता भरला आहे का, हेही विचारा. अपघातात त्याला काही झाले तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

लक्षात ठेवा: लायसन्स, परमिट किंवा फिटनेस संपलेले असेल तर विमा कंपनी दावा अडवू शकते, किंवा समोरच्याला भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते. धाटावहून रसायने नेणाऱ्यांच्या लायसन्सवर घातक माल वाहण्याची स्वतंत्र नोंद हवी.

याशिवाय घरासाठी:

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. वय १८ ते ७०.
- प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. वय १८ ते ५०.
- टर्म विमा: किमान शिल्लक कर्ज आणि घराचा काही वर्षांचा खर्च एवढ्या रकमेचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: महाराष्ट्रातील सर्व कुटुंबांना अंगीकृत रुग्णालयात ठरलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. रेशनकार्ड आणि आधार यांवरील नावे जुळलेली ठेवा.
- रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना: २०२५ पासून, पहिल्या ७ दिवसांत १.५ लाखांपर्यंत.

पहिल्या दोन योजनांचे पैसे बँक खात्यातून मे महिन्याच्या अखेरीस आपोआप कापले जातात. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण तुटते.

आयकर: भरायला घाबरू नका

मालगाड्यांच्या मालकांसाठी आयकरात एक सोपी पद्धत आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४एई मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ती ठेवली आहे. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालगाड्या मालकीच्या नसतील तर हिशेबाच्या वह्या न ठेवता ठरावीक उत्पन्न दाखवता येते. मालासह एकूण वजन १२ टनांपेक्षा जास्त असलेल्या गाडीसाठी दर टनामागे महिन्याला १,००० रुपये, त्याहून लहान गाडीसाठी महिन्याला ७,५०० रुपये.

आपल्या २८ टनी गाडीचे उत्पन्न होते २८,००० गुणिले १२, म्हणजे ३,३६,००० रुपये. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ४ लाखांपर्यंत करच नाही आणि सवलत धरून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य होतो. म्हणजे एका गाडीच्या मालकाला सहसा कर लागत नाही.

मग रिटर्न का भरायचे? कारण बँकेचे स्वस्त कर्ज रिटर्न पाहून मिळते. आणि दुर्दैवाने अपघात झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवताना जखमी किंवा मृत व्यक्तीचे उत्पन्न पाहते. तिथे रिटर्न हा भक्कम पुरावा असतो. ‘महिन्याला चाळीस हजार मिळवायचे’ असे कुटुंबाने नुसते तोंडी सांगून भागत नाही.

ट्रान्सपोर्टर भाड्यातून टीडीएस कापत असेल, तर दहा किंवा कमी गाड्या असल्याचे घोषणापत्र आणि पॅन द्या. मग कपात होत नाही. ट्रान्सपोर्ट कंपनीला गाडी भाड्याने देण्यावर जीएसटीही लागत नाही.

अडकलेले भाडे आणि जास्तीचा माल

भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो, बाकी पोच दिल्यावर. ही बाकी महिनोन्महिने अडकली की डिझेल उधारीवर घ्यावे लागते. ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर विनामूल्य होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते, आणि सरकारच्या ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते. रोजच्या गिऱ्हाइकाशी कोणी लगेच भांडत नाही, हे खरे. पण बिल्टी, पोच आणि हॉल्टिंगचा तास-दिवस लेखी असेल तर बोलणीच वेगळ्या सुरात होतात. प्रत्येक पोचपावतीचा फोटो काढून ठेवा.

जास्त माल भरून भाडे वाढवण्याचा हिशेबही एकदा करून पाहा. ओव्हरलोडसाठी दंड २०,००० रुपये आणि जास्तीच्या दर टनाला २,००० रुपये. चार टन जास्त म्हणजे २८,०००: एका झटक्यात पूर्ण हप्ता. टायर, पाटे आणि अपघाताची जोखीम वेगळीच.

बचत कुठे ठेवावी?

पेणला हा प्रश्न नवा नाही. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची बचत अडकली. तेव्हा ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत १ लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. हे संरक्षण बँकांना आहे. पतसंस्था, भिशी किंवा खासगी योजनांना नाही. म्हणून गाडीचा थांब्याचा निधी जास्त व्याजाच्या मागे न लावता बँकेत किंवा पोस्टात ठेवावा, आणि एकाच बँकेत ५ लाखांच्या आत.

म्हातारपणासाठी अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयात खाते उघडता येते. तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला ५७७ रुपये भरून साठीनंतर महिना ५,००० रुपये पेन्शन मिळते. चाळिसाव्या वर्षी सुरू केले तर त्याच पेन्शनसाठी १,४५४ रुपये लागतात. आयकर भरावा लागणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२२ पासून यात नवे खाते उघडता येत नाही. त्याच्यासाठी राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. स्टिअरिंग साठीनंतर किती वर्षे हातात राहील, हे डोळे आणि गुडघे ठरवतात. गाडी विकून येणाऱ्या पैशावर म्हातारपण काढू असे धरू नका. तोपर्यंत ती गाडी भंगाराच्या भावाची झालेली असू शकते.

घरच्यांना काय माहीत असावे?

एका फाइलमध्ये या गोष्टी ठेवा आणि फाइल कुठे आहे ते घरी सांगा: आरसी, विमा पॉलिसी, कर्जाचा करार आणि हप्त्यांचा तक्ता, परमिट, फिटनेस, बँक खात्यांची यादी, येणे बाकी असलेल्या भाड्यांची वही, गेल्या तीन वर्षांची रिटर्न. आरसीवर नॉमिनीचे नाव २०२१ पासून नोंदवता येते. ते नोंदवून घ्या. मालकाचे निधन झाल्यास वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. हे माहीत नसल्यामुळे गाडी अंगणात उभी राहते आणि हप्ते चालू राहतात.

या आठवड्यात करायच्या पाच गोष्टी

१. गेल्या तीन महिन्यांचे किलोमीटर आणि खर्च लिहून स्वतःचे तीन आकडे काढा.
२. गाडीसाठी वेगळे खाते ठेवा आणि पहिल्याच फेरीपासून किलोमीटरमागची रक्कम त्यात टाका.
३. पॉलिसीत १५ लाखांचे मालक-चालक संरक्षण आहे का, ते पाहा.
४. कर्जाचा खरा वार्षिक दर शाखेत विचारा.
५. आरसी, विमा आणि बँक खात्यांवरील नॉमिनी तपासा.

दर आणि मर्यादा बदलत असतात. पैसे भरण्याआधी बँकेत, विमा कार्यालयात किंवा परिवहन कार्यालयात चालू आकडा विचारून घ्या. तुमचे तीन आकडे मात्र दुसरे कोणी काढून देणार नाही. पुढचे भाडे ठरवताना ‘बाकीचे किती घेतात’ हे विचारण्याआधी ‘मला किती पडते’ हे सांगता आले, तर नियोजनाची सुरुवात झाली असे समजा.